लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी सेशेल्सची बेटे : खासगी नौका, हेलिकॉप्टर की दोन्ही?

फोंडेकर, फोंडा

सप्रेम नमस्कार. येत्या २२ मे रोजी माझ्या आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आम्ही दोघे भाऊ त्यांना सेशेल्सला घेऊन जाण्याच्या विचारात आहोत. यासाठी गेली सहा वर्षे आम्ही थोडी थोडी रक्कम वेगळी ठेवत आलो आहोत, त्यामुळे स्वस्तातला मार्ग शोधणे हा या प्रश्नाचा हेतू नाही. एवढा खर्च करून जी गोष्ट करायची ती आई-बाबांना सोसेल आणि आवडेल अशीच व्हावी, इतकीच इच्छा आहे.

आम्ही एकूण नऊ जण आहोत : बाबा ७८ वर्षांचे, आई ७४ वर्षांची, आम्ही दोघे भाऊ, आमच्या बायका आणि १६, १३ व ९ वर्षांची तीन मुले. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली असून ती सपाट जागी व्यवस्थित चालते, पण उंच पायरी चढताना तिला आधार लागतो. बाबांनी नोकरीची ३१ वर्षे जुवारीच्या काठावरच्या एका धक्क्यावर काढली. खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगाव बंदराकडे रवाना व्हायच्या आणि त्यांच्या नोंदी बाबा ठेवायचे. बार्जीवरचे खलाशी रात्री डेकवरच झोपत आणि बाबा शेवटची बस पकडून घरी येत. आपणही एक रात्र पाण्यावर झोपायला हवे होते, असे ते आम्ही लहान असल्यापासून म्हणत आले आहेत.

एका प्रवास संस्थेने आम्हांला सात दिवसांचा आराखडा करून दिला आहे. त्यात पहिल्या दिवशी माहे हे तिथले मुख्य बेट, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने प्रालँ, तिसऱ्या दिवशी ला दीग, चौथ्या दिवशी कुझाँ आणि आरीद ही दोन पक्षी-बेटे, पाचव्या दिवशी क्युरिएझ, सहाव्या दिवशी पुन्हा हेलिकॉप्टरने एका खासगी बेटावरचे जेवण आणि सातव्या दिवशी परत माहे असा क्रम आहे. आठवडाभर एक भाड्याची नौकाही सोबत असेल, मात्र रात्रीचा मुक्काम बहुतेक ठिकाणी हॉटेलातच दाखवला आहे. प्रवास मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे. कागदावर हे सारे फार देखणे दिसते, परंतु आईला रोज नव्या बेटावर चढणे-उतरणे जमेल का, हेलिकॉप्टरची खरोखर गरज आहे का आणि नौकेच्या भाड्यात नेमके काय येते व काय येत नाही, हे मला त्यातून उमगत नाही. गोव्यातील अनेक मंडळींनी अशा नौकांवर नोकरी केली आहे आणि काहींनी प्रवासी म्हणूनही हा अनुभव घेतला आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

जुना तारवटी, वास्को

फोंडेकर, नमस्कार. मी २६ वर्षे समुद्रावर इंजिनखोलीत काढली. त्यांतली शेवटची आठ वर्षे भाड्याने दिल्या जाणाऱ्या खासगी नौकांवर होतो, काही भूमध्य समुद्रात आणि काही हिंदी महासागरात. आपला आराखडा मी दोनदा वाचला. त्यात बेटांची नावे भरपूर आहेत, पण वाऱ्याचा कुठेच उल्लेख नाही. नौकेचा प्रवास आखताना मी मात्र वाऱ्यापासून सुरुवात करीन.

सेशेल्समध्ये साधारण मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. डिसेंबरपासून मार्चपर्यंत वारा वायव्येकडून येतो आणि पाऊसही त्याच दिवसांत अधिक पडतो. या दोन ऋतूंच्या सांध्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, समुद्र सर्वांत शांत असतो. तिकडचे हेच आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि जूनमध्ये आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे म्हणून येतात. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात आपण येथे ढगांकडे डोळे लावून बसतो, तेव्हा तिकडचा समुद्र उठू लागलेला असतो. माहेहून प्रालँ ईशान्येस सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि शिडाच्या नौकेला एवढे अंतर कापायला चार तास लागतात. आग्नेयेचा वारा असला की ते चारही तास लाट बाजूने येते आणि नौका डावी-उजवीकडे डोलत राहते. तरुण माणूस ते सोसतो, ७४ वर्षांच्या बाईने ते का सोसावे? मुलांच्या परीक्षा आटोपत असतील तर प्रवास एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. मुख्य तारखेचा सोहळा घरी करता येईल, पण समुद्र आपल्या तारखेसाठी थांबणार नाही.

आता नौकेविषयी. एका सांगाड्याची, म्हणजे पाण्यात एकच तळ असलेली, शिडाची नौका वाऱ्यात एका बाजूला कलते आणि कललेल्या डेकवर आईंना चालता येणार नाही. दोन सांगाड्यांची कॅटामरान जवळजवळ कलत नाही, नांगर टाकल्यावरही स्थिर राहते आणि तिची बैठकीची खोली मागच्या डेकच्या पातळीवर असते. अडचण एकच : झोपण्याच्या खोल्या बहुतेक कॅटामरानांत दोन्ही सांगाड्यांच्या पोटात असतात आणि तिथे उतरायला चार-पाच उभ्या पायऱ्या असतात. काही मोठ्या कॅटामरानांवर एक शयनकक्ष मुख्य डेकच्या पातळीवरच असतो. तशी नौका मिळत असेल तर थोडे अधिक भाडे देऊनही तीच घ्यावी. नौकेची छायाचित्रे पाहून समाधान मानू नका. खोल्यांचा नकाशा मागा, पायऱ्या किती आहेत, कठडा कोणत्या बाजूला आहे आणि आंघोळीच्या जागेचा उंबरठा किती उंच आहे, ते लेखी विचारा. आपण नऊ जण आहात, त्यामुळे संख्येची अडचण नाही. भाड्याच्या खासगी नौकेवर साधारणपणे बारापर्यंतच पाहुणे नेता येतात, कारण त्याहून अधिक प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती प्रवासी जहाज ठरते.

नौका तीन प्रकारे भाड्याने मिळते. नुसती नौका घेऊन स्वतः चालवणे हा पहिला प्रकार, तो आपण सोडून द्यावा. दुसऱ्यात नौकेसोबत कप्तान मिळतो, स्वयंपाक आणि आवराआवर आपल्याकडे राहते. तिसऱ्यात कप्तान, स्वयंपाकी आणि मदतनीस असा पूर्ण ताफा असतो. आपल्यासाठी हाच योग्य, कारण सुनांनी सुवर्णमहोत्सवात चुलीपाशी उभे राहू नये. मोठ्या नौकांच्या करारात मूळ भाड्यात नौका, ताफा आणि नौकेचा विमा एवढेच धरलेले असते. इंधन, खाद्यपदार्थ, बंदराचे शुल्क, सागरी उद्यानांचे शुल्क यांसाठी मूळ भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ भरून घेतात. कप्तान तिचा हिशेब ठेवतो आणि उरलेली रक्कम परत करतो. सेशेल्समधल्या मध्यम आकाराच्या कॅटामरानांवर अनेकदा जेवणासह ठरावीक रक्कम सांगतात. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, परंतु आपल्या करारात कोणती आहे ते सही करण्याआधी कळले पाहिजे. ताफ्याला द्यायची बक्षिसी बहुधा दोन्हींतही वेगळी असते. हवामानामुळे मार्ग बदलावा लागला तर कप्तानाचा शब्द अंतिम राहील, असे कलम करारात हमखास असते. ते आपल्याला जाचक वाटेल, पण मी इतकी वर्षे जिवंत घरी परतलो तो त्याच कलमाच्या जोरावर, म्हणून त्याविषयी घासाघीस करू नये.

आराखड्यातला चौथा दिवस मात्र मुळीच चालणार नाही. कुझाँ हे राखीव बेट आहे. एका दुर्मिळ छोट्या पक्ष्याला, सेशेल्स वॉर्बलरला, वाचवण्यासाठी ते १९६८ साली विकत घेतले गेले आणि नामशेष होत आलेला तो पक्षी तिथून सावरला. बाहेरच्या होडीतून उंदीर किंवा परके जीवजंतू येऊ नयेत म्हणून पाहुण्यांना समुद्रातच बेटाच्या स्वतःच्या होडीत घेतात, आणि ती होडी लाटेबरोबर वेगाने थेट वाळूवर चढवतात. भेटही फक्त सकाळी आणि कामकाजाच्या दिवशीच होते. आरीदलाही असेच होडी बदलून उतरावे लागते आणि आग्नेय वारे सुरू झाले की तिथे उतरणे आणखी अवघड होते. मुलांसाठी कुझाँ अवश्य ठेवा, त्यांना तिथले निर्भय पक्षी आणि महाकाय कासवे जन्मभर आठवतील. एका भावाने मुलांना घेऊन जावे आणि आई-बाबांनी तेवढा वेळ नांगरलेल्या नौकेवर चहा घेत बसावे. बेटावर उतरलो नाही म्हणजे प्रवास वाया गेला, असे त्यांना कोणी भासवू नये.

माझ्या मते नौकेचे पाच दिवस प्रालँच्या परिसरातच घालवावेत. क्युरिएझ प्रालँच्या अगदी समोर आहे, ला दीग साधारण सात किलोमीटरवर आहे आणि तिथे मोटारी नावालाच असल्यामुळे सारे बेट सायकलवर चालते. नांगरण्याच्या दोन-तीन चांगल्या जागा धरून तिथूनच फिरावे. रोज सूर्यास्ताआधी नांगर पडलेला असावा. तिकडे विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर साडेसहाच्या आतबाहेर अंधार होतो, हे लक्षात घेऊन दुपारचे बेत आखावेत.

मडगावची माई

तारवटी काकांनी नौकेचे सारे सांगितले आहे, म्हणून मी हेलिकॉप्टरपुरतेच लिहिते. तीन वर्षांपूर्वी आम्ही सासूबाईंना घेऊन अशाच बेटांच्या प्रवासाला गेलो होतो आणि त्यात हेलिकॉप्टरचे तीन टप्पे होते. पहिल्या टप्प्यालाच आमच्या पाचपैकी तीन बॅगा मागे राहिल्या. हेलिकॉप्टरचा सामानाचा कप्पा अगदी लहान असतो, त्यात कडक कवचाची बॅग बसत नाही, आणि ज्यांनी आमचा प्रवास आखला त्यांनी ही साधी गोष्ट आधी सांगितली नव्हती. सासूबाईंची रक्तदाबाची औषधे मागे राहिलेल्या बॅगेत होती. ती रात्री उशिरा होडीने आमच्यापर्यंत पोहोचली, पण तोवरचा वेळ मी कसा काढला ते मलाच ठाऊक. म्हणून औषधे नेहमी अंगावरच्या पिशवीत ठेवावीत आणि सामान मऊ कापडी पिशव्यांत भरावे, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

हेलिकॉप्टरात माणसागणिक वजन विचारतात आणि त्यावरून कोणी कुठे बसायचे ते ठरते. वजन खरे सांगावे, संकोचाने कमी सांगू नये, कारण उड्डाणाचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून असतो. अशा सफरींसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक हेलिकॉप्टरांत वैमानिकाखेरीज चार ते सहा जण बसतात, म्हणजे नऊ जणांसाठी दोन हेलिकॉप्टर किंवा दोन फेऱ्या लागतील. आई आणि बाबा एकाच फेरीत असावेत आणि त्यांच्यासोबत एक धडधाकट मुलगा असावा, हे आधीच ठरवून ठेवा. आम्ही ते ठरवले नव्हते, त्यामुळे सासूबाईंना अनोळखी ठिकाणी फक्त नातवासोबत अर्धा तास बसावे लागले.

चढण्याची पायरी उंच आणि अरुंद असते. वरचे पाते फिरत असताना माणसे चढवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे आणि तेव्हा वारा इतका असतो की पदर सावरता येत नाही. आपण लेखी कळवावे की सोबत वृद्ध माणसे आहेत, तेव्हा पाते पूर्ण थांबल्यावरच त्यांना चढवावे-उतरवावे आणि खाली ठेवायला एक स्टूल असावे. चांगली कंपनी हे आनंदाने मान्य करते. हेलिकॉप्टर एक इंजिनाचे आहे की दोन, समुद्रावर उतरावे लागल्यास फुगणारे फ्लोट बसवलेले आहेत का आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट अंगावर घालायला देतात का, हेही विचारा. असे विचारताना अवघडून जाण्याचे कारण नाही. ही उड्डाणे डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर चालतात, त्यामुळे अंधार पडल्यावर किंवा ढग फार खाली आल्यावर ती होत नाहीत. म्हणून आंतरराष्ट्रीय विमानाच्या दिवशी हेलिकॉप्टरचा दुपारचा शेवटचा टप्पा कधीही ठेवू नये. मुलांपैकी कोणी स्कूबा डायव्हिंग करणार असेल तर एकापेक्षा अधिक डाइव्हनंतर किमान १८ तास उड्डाण करू नये, हा नियम हेलिकॉप्टर आणि परतीचे विमान दोन्हींसाठी धरावा.

गरजेचे म्हणाल तर माहे ते प्रालँ हा प्रवास छोट्या विमानाने सुमारे १५ मिनिटांत होतो आणि वेगवान कॅटामरान फेरीबोटीने साधारण एका तासात. हेलिकॉप्टरलाही विमानाइतकाच वेळ लागतो, म्हणून वेळ वाचवण्यासाठी त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्याचे खरे मोल आहे ते दृश्यात. ग्रॅनाइटचे गोल खडक, त्यांच्याभोवतीचे फिकट हिरवे पाणी आणि प्रवाळाच्या कडेला एकदम गडद होणारा समुद्र हे वरून पाहताना माझ्या सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. एकदाच घ्या, सकाळच्या वेळी घ्या आणि प्रवासाच्या शेवटी घ्या, म्हणजे ज्या बेटांवर राहिलो ती आई-बाबांना वरून ओळखता येतील. खासगी बेटावरचे जेवण मी गाळले असते.

हिशेबनीस, पणजी

दोन व्यावहारिक मुद्दे. परदेशी नौकेचे भाडे परस्पर पाठवायचे असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली जाते आणि तिची मर्यादा प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे, त्यामुळे दोघे भाऊ मिळून अडचण येणार नाही. प्रवास संस्थेमार्फत परदेश सहलीचे पॅकेज घेतल्यास टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गोळा केला जाणारा कर, आकारला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी लागू असलेला दर आपल्या सनदी लेखापालाकडून पक्का करून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरताना ती आपल्या करात वळती होते किंवा परत मिळते, परंतु तोवर ती हाताशी नसते, एवढे गृहीत धरावे. ज्याच्या नावावर पावती, त्याच्याच पॅनवर ही नोंद होते, तेव्हा दोन भावांनी आपापला वाटा आपापल्या खात्यातून भरणे सोयीचे.

दुसरे म्हणजे विमा. नुसता प्रवास विमा पुरेसा नाही. नौकेवरचा मुक्काम आणि बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात स्पष्ट शब्दांत समाविष्ट असावा आणि आधीपासूनचे आजार लपवू नयेत. प्रालँ आणि ला दीग येथे रुग्णालये आहेत, पण मोठे रुग्णालय माहेवर व्हिक्टोरियात आहे. भारतीयांना सेशेल्ससाठी व्हिसा लागत नाही, मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-अनुमती घ्यावी लागते.

दिवाडीकर

एवढ्या दूर जाण्याआधी आई-बाबांना पाणी मानवते का, हे घरच्या घरी पाहून घ्यावे. बोट लागणे हा वयाचा किंवा धैर्याचा प्रश्न नव्हे. माझे वडील जन्मभर फेरीबोटीने नदी ओलांडत आले, तरी अग्वादच्या पुढे गेले की त्यांना पहिल्या दहा मिनिटांत त्रास होई. नदीवरचे पाणी आणि समुद्रावरचे पाणी यांत फरक आहे आणि आपल्या बाबांची ३१ वर्षे नदीच्या काठावर गेली आहेत, हे विसरू नये.

फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये एक मोटरबोट दिवसभरासाठी घ्या. तिच्याकडे बंदर कप्तान खात्याची नोंदणी आणि परवाना आहे का, किती माणसे नेण्याची मुभा आहे आणि सर्वांना पुरतील इतकी लाइफ जॅकेटे आहेत का, ते निघण्यापूर्वी पाहून घ्या. सकाळी मतलई वारा असतो आणि पाणी सपाट असते, तेव्हा पणजीहून वर, रायबंदरवरून चोडण आणि दिवाडीच्या मधून जा. चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी आहे, ओहोटीच्या वेळी चिखलावर पक्षी उतरतात. दिवाडीला वळसा घालताना आईंना नदीपलीकडचे नार्वे दाखवा. मूळ सप्तकोटेश्वर दिवाडीवरच होता, पोर्तुगीजांच्या काळात देव नदीपार डिचोलीच्या बाजूला नार्व्याला नेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. आमच्या गावातले वृद्ध अजूनही नदीपलीकडे पाहून हात जोडतात.

दुपारी दोननंतर खारा वारा सुटतो. तेव्हा तीच बोट मांडवीच्या मुखाकडे न्या, पण मुखाच्या आतच थांबा. ओहोटीचे पाणी बाहेर जात असते आणि समुद्राची लाट आत येत असते, त्यामुळे तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोटवाल्याला इंजिन मंद करून अर्धा तास तिथेच राहायला सांगा. आई-बाबांना तिथे काही झाले नाही तर एप्रिलमधल्या सेशेल्समध्ये शांत समुद्रावर कॅटामरानवर त्यांना त्रास होण्याची शक्यता कमी. त्रास झाला तर डॉक्टरांना विचारूनच औषध ठरवावे, कारण बोट लागू नये म्हणून घ्यायच्या अनेक गोळ्यांनी झोप येते आणि डोलणाऱ्या डेकवर झोपाळलेला वृद्ध माणूस पडू शकतो. बोटीत चढताना आणि उतरताना आई कोणता हात पुढे करतात, कोणता पाय आधी टाकतात, ते लक्षपूर्वक पाहा आणि नौकेच्या कप्तानाला तसे कळवा.

जेवणाची काळजी नसावी. तिकडे नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि भात हे रोजचे जेवण आहे आणि नीरफणसही घरोघरी खातात. निघण्याआधी नौकेवरून आवडीनिवडीचा तक्ता भरून मागवतात. सोमवारी मासे नकोत, उपवास कोणत्या दिवशी, चहात साखर किती, हे सारे त्यात लिहावे. येथून सोलं किंवा पापड न्यायचे असतील तर तिथे उतरताना ते जाहीर करावे, कारण वनस्पतिजन्य पदार्थांबाबत तिकडचे नियम कडक आहेत. प्रालँवरील व्हाले द मे हे अरण्य मात्र आई-बाबांना अवश्य दाखवा. १९८३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. साधूंच्या हातात जो काळा कमंडलू दिसतो तो ज्या दर्याच्या नारळाचा, त्याची झाडे तिथे उभी आहेत. आपल्याकडे शतकानुशतके तो नारळ लाटांवर तरंगत आलेला मिळे आणि त्याचे झाड कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. नारळ विकत घेतलात तर त्यासोबतचे अधिकृत प्रमाणपत्र जपून ठेवा, त्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही.

फोंडेकर, फोंडा

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, देव बरे करो. काल रात्री हे सारे मी मोठ्याने वाचून दाखवले आणि बाबांनी स्वतः कागद-पेन्सिल घेऊन टिपणे काढली.

आता बेत असा ठरत आहे. २२ मे रोजी कवळ्याला शांतादुर्गेला अभिषेक आणि घरी जेवण, प्रवास मात्र एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. माहेवर पहिल्या रात्री हॉटेलात विसावा, कारण विमानातून उतरून तडक नौकेवर जाणे आईला जड जाईल. दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने प्रालँ, व्हाले द मे पाहून तिथे एक रात्र मुक्काम आणि मग पाच रात्री कॅटामरानवर. नौका प्रालँच्या धक्क्यावरून घेता येईल का, असे विचारले तेव्हा ती माहेहून मोकळी आणून देण्याचे थोडे अधिक शुल्क सांगितले. आईचे ते चार तास वाचतात, म्हणून आम्ही ते मान्य केले. कुझाँला धाकटा भाऊ आणि मुले जातील. शेवटच्या सकाळी प्रालँहून माहेपर्यंत एकच हेलिकॉप्टर प्रवास दोन फेऱ्यांत, पहिल्या फेरीत आई, बाबा, माझी पत्नी आणि मी. सामान आदल्या दिवशीच फेरीबोटीने पुढे जाईल, औषधे आमच्यासोबत राहतील आणि परतीचे विमान दुसऱ्या दिवशीचे घेत आहोत. मुख्य डेकच्या पातळीवर शयनकक्ष असलेली एक नौका उपलब्ध आहे, तिच्या खोल्यांचा नकाशा मागवला आहे. मांडवीवरची फेरी पुढच्या रविवारी करणार आहोत.

तारवटी काका, आपल्याला एकच विचारायचे राहिले. बाबांना नौकेच्या खोलीत झोपायचे नाही, बार्जीवरच्या खलाशांसारखे उघड्या डेकवर झोपायचे आहे. या वयात तसे करू द्यावे का आणि कप्तान परवानगी देईल का?

जुना तारवटी, वास्को

अवश्य करू द्यावे. नौका नांगरलेली असताना कप्तान हरकत घेत नाही, फक्त त्याला संध्याकाळीच सांगून ठेवावे, म्हणजे रात्री नांगर तपासायला उठणारा माणूस त्यांच्याकडेही नजर टाकील. पुढच्या बाजूला दोन सांगाड्यांमध्ये जाळी ताणलेली असते. तिच्यावर मुले झोपतील, पण बाबांना तिथे नेऊ नका, पहाटे अंधारात उठताना पाय अडकतो. मागच्या डेकवर छपराखाली रुंद बाक असतो. तिथे गादी टाकून द्या आणि बाकाच्या उघड्या बाजूला तुम्ही स्वतः खाली झोपा. पहाटे दव पडते, म्हणून अंगावर एक जाड चादर असावी. शौचालयापर्यंतच्या वाटेवर एक मंद दिवा रात्रभर जळत ठेवायला सांगा आणि लाइफ जॅकेट त्यांच्या उशाशी ठेवा.

तारीख अजून पक्की केली नसेल तर पंचांग काढून चैत्री पौर्णिमा कधी येते ते पाहा आणि नौकेच्या पाच रात्रींत ती बसते का, ते प्रवास संस्थेला विचारा. मध्यरात्रीनंतर नौका नांगराभोवती हळूहळू फिरते, तेव्हा झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर किनारा, मग मोकळा समुद्र, मग पुन्हा किनारा येतो. बाबांना तेव्हा जाग आली तर आपण भरकटलो असे त्यांना वाटू नये, म्हणून हे त्यांना आधी सांगून ठेवा.